आबाजींच्या हौदातला मिठ्या

मित्रांनो, मी एक जुना सेल आहे. सेल म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे घड्याळातला नाहीतर रिमोटमधला सेल आला असेल. त्यांचा आणि माझा काही संबंध नाही. मी पोहण्याच्या तलावाच्या पाइपात बसणारा सेल आहे. माझं अंग म्हणजे हातभर लांबीची पारदर्शक नळी आणि तिच्या पोटात शेजारी शेजारी उभ्या केलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या. माझ्यातून मिठाचं पाणी वाहू लागलं आणि पट्ट्यांना वीज मिळाली, की त्या मिठातून मी क्लोरीन तयार करतो. ते क्लोरीन पाण्यातले जंतू मारतं, घाण संपवतं आणि काम झालं की पुन्हा मीठ होऊन फिरत फिरत माझ्याकडेच येतं. मला एवढंच येतं. माणसं काय बोलतात, का रागावतात, कशाला घाबरतात, हे मला फारसं कधी समजलं नाही. आता पंपाच्या खोलीतल्या कोनाड्यात निवांत बसून आहे, तरी काही गोष्टींचा गोंधळ अजून डोक्यातून जात नाही. डोकंही मला नाही म्हणा, पण बोलायची रीत म्हणून म्हटलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तो कुठल्या गावी होता ते ठाऊक नाही. एका बाईंनी माझ्या पट्ट्या एकेक करून बसवल्या, झाकण घट्ट केलं आणि मला मिठाचं पहिलं पाणी पाजलं. पट्ट्यांवरून बारीक बारीक बुडबुडे उठले. बाई म्हणाल्या, "चांगला आहे." हे माझं पहिलं कौतुक. नक्की काय चांगलं आहे ते कळायच्या आत मला खोक्यात घातलं.

खोकं उघडलं ते खालापूरकडच्या एका बंगल्याच्या आवारात. तिथे तलाव व्हायचा होता, पण मालकांचं मन फिरलं आणि तलावाच्या जागी हिरवळ करायचं ठरलं. तलावाला टाइल्स बसवायला आलेल्या संतोषला ते म्हणाले, "हे यंत्र आता परत कोणी घेत नाही. तुला हवं तर ने." संतोषने मला टेंपोत टाकलं आणि आपल्या गावी आणलं. कर्जतहून कोंडाणे लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गाव आहे. हिरवळीला असं काय येतं जे मला येत नाही, हा प्रश्न मला वाटभर पडला होता.

संतोषच्या घरी त्याचे वडील आबाजी, आई सोनाबाई, बायको सुप्रिया आणि लहानगी आरोही अशी माणसं. आबाजींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. जखमा भरल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, रोज छातीभर पाण्यात चाला. पाण्यात अंगाचा भार गुडघ्यांवर येत नाही आणि पाय मोकळे होतात. नदीचे गोटे निसरडे आणि विहिरीत चालायचं कसं? म्हणून संतोषने परसात स्वतःच्या हाताने एक छोटा तलाव बांधला. निरनिराळ्या बंगल्यांवरून उरलेल्या टाइल्स त्याला लावल्या, त्यामुळे एक भिंत आकाशी आणि दुसरी गडद निळी झाली. गाव त्याला आबाजीचा हौद म्हणू लागलं. मला हौदाशेजारच्या पंपाच्या खोलीत बसवलं आणि भिंतीवर माझा डबा टांगला. मी किती काम करायचं ते त्या डब्यावरच्या बटणाने ठरतं.

पहिल्या दिवशी संतोष पाण्यात मिठाच्या गोण्या रिकाम्या करू लागला तेव्हा सोनाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"एवढं मीठ? ह्यात काय आबांचं लोणचं घालायचंय काय रं?"

"आये, ही मशीन मिठानं पाणी साफ करते. आता क्लोरीन-बिरीन काय टाकाय नको."

"म्हंजे ह्यात क्लोरीन नाय?"

"अजाबात नाय. नुसतं मिठाचं पाणी."

मित्रांनो, हे ऐकून मी चक्रावून गेलो. क्लोरीन नाही, तर मग मी इथे काय करणार होतो? मला वाटलं, संतोषला माझ्याकडून दुसरंच काही हवं असेल आणि ते मला येत नसेल. पण पंप सुरू झाला, वीज आली, बुडबुडे उठले आणि मी माझं नेहमीचं क्लोरीन तयार करायला लागलो. कोणी हरकत घेतली नाही.

त्या संध्याकाळी पंपाच्या खोलीबाहेर आवाज आला. पाय, मग टक्. पाय, मग टक्. आबाजी काठी टेकत आले होते. त्यांनी माझ्या नळीवर बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं.

"तर ह्यो मिठ्या. डागदर बोलला पाण्यात चाल. मी चालीन, पन पानी संबाळायचं तू. हायस ना रं?"

मला कोणी नाव दिलं ते पहिल्यांदाच. पुढे रोज सकाळी ते आले की हाच प्रश्न विचारत. हायस ना रं मिठ्या? मी पट्ट्यांवरून चार बुडबुडे जास्त सोडायचो. ते त्यांना दिसत होते की नाही, ठाऊक नाही.

आबाजींना नुसतं घरातल्या घरात चालायचं नव्हतं. हे मला त्यांच्या चुलतभावाच्या, नागूभाऊंच्या बोलण्यातून कळलं. चैत्रात गावच्या देवीची जत्रा भरते. देवळातून पालखी उठते तेव्हा पुढच्या दांडीला पहिला खांदा आबाजींच्या घराचा असतो. तो घरातल्या थोरल्या पुरुषाने लावायचा आणि देवळापासून पिंपळाच्या पारापर्यंत स्वतःच्या पायांनी जायचं. मागच्या जत्रेला आबाजींचे गुडघे धरले होते, म्हणून नागूभाऊ उभे राहिले. लागोपाठ दोन जत्रा दुसऱ्याने खांदा दिला तर मान त्या घराकडे जातो, अशी त्या गावची रीत आहे.

नागूभाऊ वाईट नव्हते. हौदाच्या काठावर बसून त्यांनी अवघडल्यासारखं विचारलं, "आबा, औंदा कसं? मी तयारी ठेवू का?"

आबाजी पाण्यात उभे होते. ते म्हणाले, "तयारी ठेव. पन खांदा माझा हाय."

आता खांदा म्हणजे काय आणि मान कुठून कुठे जातो, हे मला कळायचं कारण नव्हतं. पण त्यानंतर आबाजी हौदाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ज्या जिद्दीने चालायचे, त्याच्या लाटा पाइपातून माझ्यापर्यंत यायच्या. पाणी त्या चालण्यानेच हलत असे. मला फार बरं वाटायचं.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते. पाणी काचेसारखं स्वच्छ असे. आरोही पाण्याखाली डोळे उघडून तळाच्या टाइल्स मोजायची. संतोष कामावरच्या मित्रांना मुद्दाम घरी आणायचा आणि सांगायचा, "बघा, वास येतो का? क्लोरीनच नाय तर वास कुठनं येनार." मित्र वाकून वास घ्यायचे आणि माना डोलवायचे. मी आतून क्लोरीन सोडत असायचो. माझं कौतुक चाललं आहे की माझं अस्तित्वच नाकारलं जातंय, हे मला ठरवता येत नसे.

मग थंडी पडली. दुपारीसुद्धा पाणी गार लागू लागलं आणि सोनाबाईंना काळजी वाटू लागली. डोंगरावरच्या वाडीतली पारू त्यांना निर्गुडीचा पाला आणून देत असे. तो त्या तिळाच्या तेलात कढवायच्या, तेल कोमट करायच्या आणि हौदाच्या काठावर आबाजींना बसवून त्यांच्या गुडघ्यांना, पोटऱ्यांना, पाठीला चोळून चोळून जिरवायच्या. मग म्हणायच्या, "आता उतरा. आता गारठा लागायचा नाय."

आंघोळीआधी तेल, ही त्यांच्या घरची, गावची, सगळ्या मुलखाची पद्धत. लग्न झाल्यापासून त्यांनी दिवाळीला असंच तेल लावलं होतं, बाळंतिणींना असंच लावलं होतं. पाणी हे तेलाच्या नंतरच यायचं, यात कोणाला काही विचारण्यासारखं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

पण त्याच सुमाराला रोज दुपारी माझ्याकडे एक कडू चव येऊ लागली. पाल्याची, चिकट, पट्ट्यांवरून सावकाश सरकणारी. माझं क्लोरीन तयार होई आणि त्या चिकट पाण्यात जाऊन अडकून पडे. ते मीठ होऊन परत यायच्या ऐवजी भलतंच काहीतरी होऊन परत येई. सोनाबाई तेल लावतात हे मी ऐकत होतो आणि पाणी कडू लागतं हे मला जाणवत होतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहायच्या असतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत हौदाला वास यायला लागला. दवाखान्यात येतो तसा, नाकात झोंबणारा. आरोही पाण्यातून बाहेर आली की डोळे चोळायची आणि ते लाल व्हायचे. आबाजींना खाज सुटायची, पण ते बोलून दाखवत नसत.

संतोष पंपाच्या खोलीत आला आणि नाक मुरडून म्हणाला, "ही मशीन लई क्लोरीन सोडाय लागली." त्याने बटण खाली आणलं.

मित्रांनो, आता काय समजायचं? काल या पाण्यात क्लोरीन अजिबात नव्हतं आणि आज ते फार झालं होतं. मी तर तेवढंच काम करत होतो. शिवाय माझ्याकडे परत येणाऱ्या पाण्यात मोकळं क्लोरीन जवळजवळ नव्हतंच. पण संतोष माणूस, मी यंत्र. चूक माझीच असणार असं मी धरून चाललो.

बटण खाली आलं आणि वास आणखी वाढला. संतोषने बटण पुन्हा खाली आणलं. वास पुन्हा वाढला. मी कमी कमी करत होतो आणि जास्त जास्त केल्याची बोलणी खात होतो. माझ्या पट्ट्यांवर बोअरच्या पाण्याचा चुन्यासारखा पांढरा थर चढला होता. तो काढायला कोणी आलं नाही. बिघडलेल्या यंत्राला कोण धुतं?

शेवटी सुप्रियाने लक्ष घातलं. ती खोपोलीच्या एका कारखान्यात ऑफिसात कामाला जाते आणि कोणत्याही गोष्टीची नीट चौकशी केल्याशिवाय तिला चैन पडत नाही. माझ्याबरोबर आलेली तपासणीची डबी तिने शोधून काढली. छोट्या बाटलीत हौदाचं पाणी घ्यायचं आणि एक गोळी टाकायची. पाणी गुलाबी झालं की क्लोरीन आहे. जितकं गडद गुलाबी, तितकं क्लोरीन जास्त. पंपाच्या खोलीच्या कट्ट्यावर तिने बाटली ठेवली आणि गोळी टाकली. पाणी पांढरंच, म्हणजे बिनरंगीच राहिलं.

"क्लोरीन नाही असं दाखवतंय," ती म्हणाली.

"नाय कसं? वास बघ की किती येतो," संतोष म्हणाला.

सुप्रियाने मोबाइलवर वाचलं. त्यात लिहिलं होतं, की क्लोरीन बेसुमार झालं तर ते त्या गोळीचा रंगसुद्धा उडवतं आणि पाणी पांढरं दिसतं. म्हणजे पांढरं पाणी क्लोरीन नसलं तरी दिसतं आणि फार असलं तरी दिसतं. ती कितीतरी वेळ बाटलीकडे बघत राहिली. नाक सांगत होतं फार आहे, आरोहीचे डोळे सांगत होते फार आहे. तिने नाकावर विश्वास ठेवला. तिच्या जागी मी असतो तर मीही ठेवला असता.

तिने माझी वीज बंद केली आणि म्हणाली, "आबा, थोडे दिवस पाण्यात उतरू नका. पोरीचे डोळे बघा. तुमच्या टाक्यांवर पुरळ आलंय ते काय मला दिसत नाही?"

"आनि जत्रा?" आबाजी म्हणाले.

"पाणी चांगलं झालं की लगेच उतरा."

पण मी बंद पडल्यावर पाणी चांगलं कसं व्हावं? ते आधी मळकट झालं, मग कोपऱ्यांत हिरवट होऊ लागलं. फाल्गुन लागला. आबाजी आता अंगणात चालायचे. पाय, मग टक्. ती टक् दिवसेंदिवस जड व्हायला लागली आणि दोन टकांमधलं अंतर वाढत गेलं. सोनाबाई आता दुप्पट तेल चोळायच्या, पण जमिनीवर अंगाचा सगळा भार गुडघ्यांवर येत होता. नागूभाऊ एकदा येऊन चहा पिऊन गेले. त्यांनी काही विचारलं नाही, याचंच आबाजींना जास्त लागलं असावं.

तरी आबाजी रोज सकाळी माझ्याकडे यायचे आणि विचारायचे, "हायस ना रं मिठ्या?" मी होतो. पण विजेवाचून मला बुडबुडा सोडता येत नव्हता. मला काही झालेलं नाही, पाण्याला काहीतरी झालं आहे, हे त्यांना कसं सांगायचं, या विचाराने मी पार गोंधळून गेलो होतो. दुःख होतं की भीती होती, ते मला सांगता येणार नाही. आत थर चढल्यासारखं वाटायचं, आणि तो तर खरोखरच चढलेला होता.

मग एका रविवारी सोनाबाईंच्या हातून आमटी खारट झाली. त्यांचं लक्ष आजकाल कशातच नसायचं. स्वयंपाकघराचं मागचं दार पंपाच्या खोलीसमोरच उघडतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आई, मीठ दोनदा पडलं वाटतं," सुप्रिया म्हणाली.

"जिभेला कळंना झालंय मला. पानी घाल नि बघ. मग कळंल किती पडलंय त्ये."

सुप्रियाने पाणी घातलं, चव घेतली. अजून खारट. पुन्हा पाणी घातलं, पुन्हा चव घेतली. "आता बेताचं झालं," ती म्हणाली. आणि पळी हातात तशीच धरून उभी राहिली. मग ती पंपाच्या खोलीकडे धावत आली.

तिने बाटलीत अर्धं हौदाचं पाणी आणि अर्धं विहिरीचं पाणी घेतलं. गोळी टाकली. क्लोरीन खरंच फार असेल, तर पाणी घालून ते बेताचं व्हायला हवं आणि रंग दिसायला हवा. पाणी पांढरंच. मग तिने विहिरीचं पाणी आणखी वाढवलं. तरी पांढरंच. गोळीच खराब असेल म्हणून तिने नुसत्या विहिरीच्या पाण्यात फरशी पुसायच्या ब्लीचचा एक थेंब टाकून पाहिला. ते पाणी लगेच गुलाबी झालं.

सुप्रिया कट्ट्यावर बसली. "अहो, इकडे या," तिने संतोषला हाक मारली. "ह्यात क्लोरीन फार नाहीये. अजिबातच नाहीये. आपण उलटंच करत होतो."

संतोषने माझ्या पट्ट्या पातळ केलेल्या ॲसिडमध्ये धुतल्या. पांढरा थर फेसाळून निघून गेला आणि मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. त्याने बटण वरपर्यंत नेलं आणि ऊन उतरल्यावर हौदात क्लोरीनची पावडरही विरघळवली. रात्रभर पंप चालला. सकाळी हिरवटपणा गेला होता आणि तो झोंबणारा वासही गेला होता.

संतोष हौदाच्या काठावर उकिडवा बसून पाणी हुंगत राहिला. "क्लोरीन वाढवलं आनि क्लोरीनचा वास गेला. ह्ये माझ्या डोक्याच्या भायेर हाय."

मित्रांनो, त्या क्षणी मला तो अगदी जवळचा वाटला. माझ्यासारखंच गोंधळलेलं कोणीतरी जगात आहे, हे पहिल्यांदा कळलं. सुप्रियाने त्याला वाचून सांगितलं, की तो वास ताज्या क्लोरीनचा नसतोच. घामात आणि घाणीत अडकून पडलेल्या, थकलेल्या क्लोरीनचा असतो. वास आला की क्लोरीन वाढलेलं नसतं, कमी पडत असतं.

"पन येवढी घान आली कुठनं?" संतोष म्हणाला. "पान्यात उतरतं कोन? आबा आनि आरोही."

पाणी चांगलं झालं याच आनंदात आबाजी तेल लावून हौदात उतरले. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मला पुन्हा ती कडू चव लागली आणि गोळीचा गुलाबी रंग फिका पडला. जत्रा पंधरवड्यावर आली होती.

शेवटी ते संतोषच्याच डोळ्यांना दिसलं. तो टाइल्सचा माणूस. पाण्याच्या पातळीला, टाइल्सवर चारी बाजूंनी एक पिवळसर रेघ उमटली होती. आपल्या टाइल्सवर डाग त्याला कसा खपावा? त्याने फडकं घेऊन ती पुसली, तर फडकं चिकट झालं. ते घेऊन तो मागच्या दाराशी गेला.

"सुप्रिया, ह्ये बघ काय हाय."

सुप्रियाने फडकं नाकाशी नेलं आणि सासूकडे पाहिलं. तिला ते समजलं होतं. सोनाबाईंनी तिच्या हातून फडकं घेतलं. वास घ्यायची त्यांना गरजही पडली नाही. बोटांना लागलेलं ते तेल त्यांच्या ओळखीचं होतं.

मग सोनाबाई म्हणाल्या, "म्हंजे मीच."

"आई, तसं नाही," सुप्रिया म्हणाली.

"तसंच हाय गं. त्यांचं पाय चालावं म्हनून मी चोळत व्हते, आनि माज्याच हातानं पानी बंद पडलं." त्यांनी फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली. "आता त्येल लावायचंच नाय तर मी काय करू?"

हे त्यांनी कोणाला विचारलं, ते मला कळलं नाही. मला फक्त एवढं समजलं, की त्या बाईंना फार वाईट वाटत होतं आणि त्यांनी कोणाचं काही वाईट केलं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतात, हा माझा सर्वांत मोठा गोंधळ. तो अजून सुटलेला नाही.

पाय, मग टक्. आबाजी ओट्यावरून उठून आले.

"त्येल लाव की. नाय कोन बोललं? पान्यातनं भायेर आल्यावर लाव."

"आंघोळीनंतर त्येल? असं कोन लावतं?"

"मी लावून घेतो. गाव हसंल, हसू दे. गाव माझ्या हौदालाबी हसलं व्हतं."

सोनाबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी फडकं धुवायला टाकलं. दुसऱ्या दिवसापासून उलटी पद्धत सुरू झाली. आधी त्या आबाजींना ऊन पाणी आणि डाळीचं पीठ लावून काठावर स्वच्छ न्हाऊ घालायच्या. मग आबाजी हौदात चालायचे. मग बाहेर येऊन, अंग पुसून, उन्हात बसून तेल. सोनाबाई रोज पुटपुटायच्या, "उलटंच सगळं." पण तेल आता जास्त वेळ चोळायच्या, कारण पुढे पाण्यात उतरायची घाई नसे.

माझ्याकडे येणारी कडू चव थांबली. मी दिलेलं क्लोरीन काम करून पुन्हा मीठ होऊन परत येऊ लागलं. गोळीचा रंग सुप्रियाला हवा तसा गुलाबी राहू लागला. आणि भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या त्या लाटा पुन्हा माझ्यापर्यंत पोचू लागल्या, रोज थोड्या जास्त जोरात.

मग एक दिवस असा आला, की सकाळपासून पाण्यात कोणीच उतरलं नाही. कोणी खोलीत आलं नाही. मला कोणी विचारलं नाही, हायस ना रं. पंप चालू होता, मी चालू होतो, पण पाणी अगदी निश्चल होतं. माझ्या मनात नको ते आलं. आबाजी पडले असतील का? पुन्हा दवाखान्यात नेलं असेल का? लांबून ढोल वाजत होते, ते मला ऐकू येत होते. पण ढोल आनंदाचे असतात की कसले, हे मला कोण सांगणार?

दिवस कलला. ढोल थांबले. परसातून कोणीतरी चालत येऊ लागलं. पाऊल, पाऊल. पाऊल, पाऊल. संतोषची चाल मला माहीत होती, तो धप्प धप्प येतो. सुप्रिया भरभर येते. ही चाल सावकाश होती, जपून टाकलेली, आणि माझ्या ओळखीची नव्हती. पाहुणा असेल असं समजून मी गप्प राहिलो. पावलं दाराशी थांबली. खोलीत गुलालाचा वास आला. एका हाताने माझ्या नळीवर बोटाच्या पेराने वाजवलं.

"हायस ना रं मिठ्या?"

मला काठीची टक् ऐकायची सवय होती. ती नव्हती, म्हणून मी माणूसच ओळखला नाही.

"पारापातुर गेलो," आबाजी म्हणाले. "नागू बाजूला चालत व्हता, पडलो तर धरायला. त्याची गरज लागली नाय." मग त्यांनी आपल्या खांद्यावरचा गुलाल बोटावर घेतला आणि माझ्या झाकणाला लावला. त्या वेळी मी किती बुडबुडे सोडले, ते मोजायला कोणी नव्हतं.

त्यानंतर मी आणखी काही वर्षं काम केलं. पण आमच्या पट्ट्यांवर जो मुलामा असतो तो कामाबरोबर झिजतो. बटण वर नेलं तरी माझ्याने पूर्वीइतकं क्लोरीन होईना. संतोषने नवा सेल आणला. भंगारवाला आला तेव्हा त्याने मला उचललंही होतं, पण आबाजींनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि या कोनाड्यात ठेवलं. झाकणावरचा गुलाल पुसट झाला आहे. कोणी पुसला नाही, तो आपला आपण गेला.

मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही, कारण मलाच पुष्कळ गोष्टी कळलेल्या नाहीत. पण एक मागणं आहे. तुमच्या घरातलं एखादं यंत्र, एखादं जनावर किंवा एखादं माणूस बिघडल्यासारखं वाटलं, तर त्याचं बटण लगेच खाली आणू नका. त्याच्यावर थर चढला असेल तर तो आधी धुवा. त्याच्यापर्यंत काय पोचतं आहे ते बघा. आणि चूक कोणाच्या प्रेमातून झाली असेल, तर ते प्रेम टाकून देऊ नका, फक्त त्याची वेळ बदला. सोनाबाई आजही तेल कढवतात. त्याचा वास मला इथे येतो आणि आता तो कडू वाटत नाही.

नवा सेल हुशार आहे, त्याला म्हणे सगळे आकडे कळतात. पण रोज सकाळी दाराशी पावलं वाजतात, पाऊल, पाऊल, आणि मी जुन्या सवयीने काठीची वाट बघत राहतो. कोण आलं ते मला क्षणभर उमगत नाही. मग आबाजी नव्या सेलकडे न बघता कोनाड्याकडे वळतात आणि विचारतात, हायस ना रं मिठ्या?

आहे, आबाजी.